पोराच्या गाडीचं बेअरिंग



एरवी या पानावर मी बागेचं लिहितो. छाटणी, डिपिंग, भुरी, बोअर किती तास चालली, असलं. आजची नोंद पोराच्या मोटारसायकलच्या इंजिनाची आहे. शेतीच्या पानावर मोटारसायकल कशाला असं कुणाला वाटेल. पण ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे आणि पोरगं भारी गाडीवर फिरतंय, त्यानं वाचावं. मला जे 38,000 रुपये गेल्यावर कळलं ते तुम्हाला फुकट मिळतंय.

गोष्ट गेल्या दिवाळीच्या आधीची. ऑक्टोबर छाटणी उरकत आली होती, पेस्ट लावणाऱ्या बायांचा हिशेब करत अंगणात बसलो होतो. साडेआठला पोराचा फोन. चाकणला नोकरीला आहे, दिवाळीला घरी निघाला होता.

"आप्पा, भिगवणच्या अलीकडं थांबलोय. इंजिनात खटखट वाजतंय. गाडी बंद केलीय."

मी आधी नेहमीप्रमाणं तोंडसुख घेतलं. म्हणलं, तुला सांगितलं होतं असली गाडी घेऊ नको. मग म्हणलं, "एवढ्या रात्री तिथं थांबू नको. चालू कर आणि तीस-चाळीसच्या स्पीडनं हळू हळू ये घरी."

पोरगं म्हणालं, "नाही आप्पा. आता चालू करणार नाही. तुम्ही कुणाचा तरी पिकअप पाठवा."

मला राग आला. पिकअपला साडेतीन हजार लागले. पण त्या रात्री माझं ऐकलं असतं तर काय झालं असतं हे मला पंधरा दिवसांनी कळलं. बेअरिंग क्रँकला घट्ट पकडलं की इंजिन जाग्यावर जाम होतं. इंजिन जाम म्हणजे मागचं चाक जाम. नाहीतर कनेक्टिंग तुटतो आणि चेंबर फोडून बाहेर येतो, सगळं गरम ऑईल मागच्या टायरखाली. सोलापूर हायवेला रात्रीची ऊस आणि कंटेनरची वाहतूक असते. त्यात त्यानं काय केलं, तर आवाज ऐकल्याबरोबर क्लच दाबला, इंजिन बंद केलं आणि गाडी कडेला घेतली. हे त्याला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, पुण्याच्या मित्रांत सगळ्यांना माहीत आहे.

दिवाळी झाल्यावर गाडी सोलापूरला एका मिस्त्रीकडं नेली. तरणा पोरगा, डिप्लोमा झालेला, याच प्रकारच्या गाड्यांचं काम करतो. मी मुद्दाम बरोबर गेलो. खरं सांगायचं तर पोरानं काय दिवे लावलेत ते बघायला गेलो होतो.

गाडीचं नाव सांगत नाही, कंपनीचा यात दोष नाही. एक सिलिंडर, पाण्याचं कूलिंग, पावणेचारशे सीसीच्या आसपास. ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या वर. आता आपला ट्रॅक्टर बघा. तीन सिलिंडर, सत्तावीसशे सीसी, पंचेचाळीस हॉर्सपॉवर. म्हणजे जी ताकद ट्रॅक्टर तीन मोठ्या पिस्टनातनं काढतो, जवळपास तेवढीच ही गाडी तांब्याएवढ्या एका सिलिंडरमधनं काढते. कशी काढते? तर फेऱ्यांवर. ट्रॅक्टर दोन-सव्वादोन हजार आरपीएमला काम करतो. ही गाडी दहा हजारापर्यंत जाते. दहा हजार फेरे म्हणजे सेकंदाला 166 वेळा पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो. त्याला प्रत्येक वेळी खाली ओढून आणायचं काम कनेक्टिंग करतो आणि कनेक्टिंगचा सगळा भार क्रँकवरच्या त्या बेअरिंगवर येतो. मिस्त्रीनं एक गणित सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. फेरे दुप्पट केले की हा ओढा दुप्पट होत नाही, चौपट होतो. चार हजाराचे आठ हजार केले की चौपट. म्हणून पोरं लाल पट्ट्यापर्यंत पिळतात तेव्हा शेवटचे दोन हजार फेरे फार महागात जातात.

आता बेअरिंग म्हणल्यावर आपल्या डोळ्यापुढं गोळ्यांचं बेअरिंग येतं. माझ्याही तेच होतं. आपल्या गावातल्या शंभर सीसीच्या गाड्यांत कनेक्टिंगच्या मोठ्या टोकाला बारीक रोलरचं बेअरिंग असतं. त्याला ऑईलचा दाब फारसा लागत नाही, उडालेल्या ऑईलवर, शिंतोड्यांवर भागतं. म्हणून ती गाडी वर्ष वर्ष ऑईल न बदलता, काळ्या डांबरासारख्या ऑईलवर, तीन माणसं आणि दुधाचं कॅन घेऊन चालते. आपल्या सगळ्यांच्या सवयी त्या गाडीनं लावलेल्या आहेत. पोराच्या गाडीत तसलं बेअरिंग नाहीच. तिथं आहेत दोन अर्धगोल पत्रे, दोन मिळून एक वर्तुळ. मिस्त्री शेल म्हणतो. ट्रॅक्टरमध्ये असतात तेच, फक्त लहान. मागून पोलाद, आत मऊ धातूचा थर. गोळी नाही, रोलर नाही. क्रँक त्या पत्र्याला टेकतच नाही, मधे ऑईल असतं आणि सगळा भार ऑईलवर.

हे मला पटेना. ऑईल पातळ असतंय, दाबल्यावर निघून जाणार. त्यावर आमच्या ओळखीच्या एका सरांनी, तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेत ते, एक गोष्ट सांगितली. 1883 साली इंग्लंडात बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑईल सोडायला त्यानं बेअरिंगच्या वरच्या बाजूला भोक पाडलं. तर ऑईल आत जायच्या ऐवजी भोकातनं उलटं वर यायला लागलं. त्यानं बूच मारलं, बूच बाहेर. लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. मग त्यानं दाब मोजायचं मीटर लावलं तर काटा चौरस इंचाला 200 पौंडांच्या पुढं गेला. म्हणजे फिरणारा दांडा स्वतःच ऑईलला ओढून पाचरीसारखं आपल्याखाली घालतो आणि त्या पाचरीवर उचलला जातो. पुढं 1886 ला ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. गाडीचा ऑईल पंप फक्त तिथं ऑईल पोचवतो, वजन उचलतो तो फिरणारा दांडा आणि ऑईल मिळून.

पाचर म्हणल्यावर मला लगेच कळलं. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारायला काय लागतं ते आपल्याला माहीत आहे. पाचर मारायला आधी पाचर हातात पाहिजे. एका क्षणाला ऑईल पोचलं नाही, हवा गेली, की दांडा पत्र्यावर बसला. बेअरिंगमधली एकूण जागा असते 0.03 ते 0.06 मिलिमीटर. आपला केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड. आणि जोरात चालताना ऑईलचा थर सगळ्यात दाबाच्या जागी एक-दोन मायक्रॉनवर येतो, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता अशा ठिकाणी ऊसतोडीच्या हंगामातला फुफाटा गेला तर काय होईल तुम्हीच सांगा.

मिस्त्रीनं इंजिन उघडलं आणि ते दोन पत्रे पेपरवर ठेवले. नवा पत्रा राखाडी, मऊ, सारखा दिसतो. आमच्या पत्र्यावर तांबडा रंग उघडा पडला होता. तो खालचा तांब्याचा थर. वरचा मऊ थर पुसून गेला होता आणि काही ठिकाणी धातू ओघळून कडेला जमला होता, कढईत करपलेल्या पिठल्यासारखा. क्रँकवर नखाला लागतील असे ओरखडे.

मी पोराकडं बघितलं. म्हणलं, झालं समाधान?

मिस्त्री म्हणाला, "काका, थांबा. आधी ऑईल कुठं अडलं ते बघू."

त्यानं ऑईलची जाळी काढली. पंपाच्या तोंडाला असते ती. निम्मी जाळी काळ्या रबरासारख्या लोळ्यांनी बंद. मला वाटलं कचरा. ते सिलिकॉन होतं. गॅसकेटच्या जागी लावतात ती पेस्ट. साधारण दोन महिन्यांपूर्वी क्लच घसरतो म्हणून गावाकडच्या एका गॅरेजमध्ये क्लचच्या प्लेटा बदलल्या होत्या. कव्हर बसवताना गॅसकेट मिळालं नाही, पेस्ट फासली. बाहेर जेवढी दिसते तेवढीच आतही पिळून निघते. बाहेरची पुसतात, आतली वाळून लोंबते आणि गरम ऑईलात एक दिवस तुटून जाळीवर जाऊन बसते. हे मी ट्रॅक्टरच्या बाबतीत पण बघितलंय, पण तिथं जाळी मोठी, ऑईल सात लिटर. इथं सगळं मिळून दीड-पावणेदोन लिटर.

मग मिस्त्रीनं विचारलं, "क्लच घसरायला कधीपासून लागला?"

इथं मी जरा गप्प झालो.

झालं असं होतं. जून ते ऑगस्ट कंपनीनं पोराला बाहेर पाठवलं होतं. गाडी घरी शेडमध्ये. बॅटरी उतरू नये म्हणून तो सांगून गेला होता की आठवड्यातनं एकदा वीस मिनिटं चालवून आणा. मी काय केलं? रोज सकाळी दूध काढून झालं की बटन दाबायचं, थंड इंजिन दोन मिनिटं जोरात रेस करायचं आणि बंद. शेजाऱ्यालाही जरा ऐकू गेलं पाहिजे ना. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. थंडपणी ऑईल जाड असतं, सगळीकडं पोचायला वेळ लागतो, त्यात मी रेस करणार. आणि दोन मिनिटांत इंजिन तापत नाही, त्यामुळं न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑईलात उतरते ती उडून जात नाही. पावसाळ्यात तर जास्तच. तीन महिने मी रोज ऑईल पातळ करत होतो आणि मला वाटत होतं गाडीची काळजी घेतोय.

दुसरं, ऑईलची काच बघितली तर पातळी खाली दिसली. ट्रॅक्टरच्या डब्यात उरलेलं ऑईल होतं, ओतलं अर्धा लिटर. ऑईल ते ऑईल. इथं तीन चुका. एक, पातळी मी साइड स्टँडवर बघितली होती. गाडी तिरकी असली की काच खोटं सांगते. सपाट जागेवर, गाडी सरळ उभी धरून, इंजिन चालवून बंद केल्यावर जरा थांबून बघायची असते. दोन, गाडीच्या पुस्तकात 15डब्ल्यू-50 लिहिलं होतं आणि ट्रॅक्टरचं 15डब्ल्यू-40. मागचा आकडा म्हणजे तापल्यावर ऑईल किती दाट राहतं ते. तीन, मोटारसायकलचा क्लच आणि गिअरही त्याच ऑईलात बुडलेले असतात. त्यासाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं ऑईल लागतं. आणि गिअरचे दाते त्या ऑईलला भरडून काढतात, म्हणून मोटारसायकलचं ऑईल ट्रॅक्टरपेक्षा लवकर पातळ होतं. क्लच माझ्या ऑईलामुळंच घसरला की प्लेटा आधीच संपत आल्या होत्या, हे मिस्त्री छातीठोक सांगेना. पण मला झोप आली नाही त्या रात्री. माझं ऑईल, मग क्लच, मग कव्हर उघडणं, मग सिलिकॉन, मग जाळी. दोरी ओढत गेलो तर टोक माझ्याच हातात आलं.

तिसरं तर अजून भारी. मिस्त्रीनं दोन पत्रे हातात घेऊन फरक दाखवला. वरचा पत्रा कनेक्टिंगच्या बाजूचा. त्यावर पेटलेल्या पेट्रोलचा दणका येतो. खालचा पत्रा टोपीच्या बाजूचा, त्यावर जास्त फेऱ्यांचा ओढा येतो, खास करून वेगात असताना एकदम थ्रॉटल सोडून खालचा गिअर मारतात तेव्हा, कारण त्या वेळी पिस्टनला वरून दाबणारं काही नसतं. दोन्ही पत्रे गेले होते, ऑईल नाही म्हणल्यावर जाणारच. पण तो म्हणाला, वरच्या पत्र्यावर जुनी मार दिसते. कमी फेऱ्यात वरच्या गिअरला कुणी रेटली का? कुणी म्हणजे मीच. बाजाराला नेली होती चार-सहा वेळा. आपली सवय, पेट्रोल वाचवायचं, तीसच्या स्पीडला टॉप गिअर आणि इंजिन धडधडतंय. फेरे कमी म्हणजे पाचर बारीक, आणि वरून पूर्ण थ्रॉटलचा दणका. हंड्रेड सीसीला चालून जातं.

पोरगंही काही धुतल्या तांदळासारखं निघालं नाही. मिस्त्रीनं हसत विचारलं, पुढचं चाक उचलतोस का? पोरानं माझ्याकडं बघितलं, मग खाली. चाक उचललं की चेंबरमधलं सगळं ऑईल मागं पळतं, जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो. ऑईल पुरेसं असेल तर दोन सेकंद निभावतं. निम्मी जाळी बंद असताना? आणि परतीच्या आठ दिवस आधी गरम इंजिन सिग्नलला उभं असताना ऑईलचा लाल दिवा एक-दोन वेळा लुकलुकला होता. त्याला वाटलं वायर ढिली. तो दिवा ऑईल कमी झाल्याचा नाही, दाब गेल्याचा आहे. तो पेटला की इंजिन त्याच जाग्यावर बंद, मग कारण शोधायचं.

तर वरचा पत्रा माझा आणि खालचा त्याचा, असं आम्ही सोलापूरच्या त्या गॅरेजबाहेर चहा पिताना ठरवून टाकलं. पोरगं पहिल्यांदा हसलं त्या दिवशी.

खरं तर मला हे सगळं आधी कळायला पाहिजे होतं. मी सातवी-आठवीत असताना आमच्या विहिरीवर 650 फेऱ्यांचं इंजिन होतं, तुक तुक तुक वाजणारं. त्याच्या कनेक्टिंगच्या टोपीला खाली एक चमचा असायचा, तो चेंबरमधल्या ऑईलात बुडून बेअरिंगला ऑईल उडवायचा. एका रात्री दारं धरायला वडलांनी मला ठेवलं. ऑईल बघायला सांगितलं होतं, मी बघितलं नाही. पहाटे तुक तुकची ठक ठक झाली, मग बंद. पांढरा धातू वितळून गेला होता. ऑईल इतकंच उतरलं होतं की चमचा पोचत नव्हता, बोटभर. वडलांनी मारलं नाही. आठ दिवस मोट... नाही, मोट तेव्हा मोडीत निघाली होती, शेजाऱ्याच्या इंजिनाचं पाणी मागून आणलं, ते मागायला मला पाठवलं. चाळीस वर्षं झाली. ते विसरलो आणि पोराला शिव्या देत होतो.

आता दुरुस्तीचं. हे नीट वाचा, कारण बेअरिंग एकदा गेलेल्या गाडीत नवं बेअरिंग दोन-तीन महिन्यांत परत जातं ते इथल्या घाईमुळं.

आधीच्या पत्र्यांचा चुरा सगळ्या इंजिनात फिरलेला असतो. मिस्त्रीनं क्रँकमधली ऑईलची भोकं, चेंबर, पंप, फिल्टरची जागा, सगळं डिझेलनं आणि हवेच्या प्रेशरनं तीन वेळा धुतलं. ज्या गाडीला ऑईल कूलर असतो त्याच्या नळ्यांत चुरा दडून बसतो, तो धुवून भागत नाही, बदललेला बरा. आमचा क्रँक घासून चालणार नव्हता, नवाच घेतला. कनेक्टिंगही नवा. कनेक्टिंगची टोपी ज्याची त्यालाच लागते, एकाची दुसऱ्याला चालत नाही, उलटी बसवूनही चालत नाही. पत्र्याची मागची बाजू आणि तो बसतो ती जागा कोरडी आणि स्वच्छ पुसायची, तिथं ऑईल लावायचं नाही. ऑईल फक्त आतल्या बाजूला.

मग त्यानं एक गंमत दाखवली. प्लास्टिगेज म्हणतात, मेणासारखी बारीक दोरी असते. ती क्रँकवर आडवी ठेवून टोपी पूर्ण आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, परत खोलायची. दोरी चपटी झालेली असते. किती चपटी झाली ते पाकिटावरच्या पट्टीशी जुळवलं की बेअरिंगमधली जागा कळते. जास्त चपटी म्हणजे जागा कमी, कमी चपटी म्हणजे जागा जास्त. काही इंजिनांचे पत्रे रंगाच्या खुणेवर वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, ते यासाठीच. आमचे ट्रॅक्टरचे फिटर हाताने हलवून "बसलं" म्हणतात. त्यांचा हात चांगला आहे, पण दहा हजार फेऱ्यांना हात पुरत नाही.

कनेक्टिंगचे बोल्ट नवेच घातले. ते आवळताना जरा ताणले जातात, एकदा ताणलेला परत वापरला तर भरवसा नाही. टॉर्क पान्यानं ठरलेला टॉर्क आणि वर ठरलेला कोन. ढोपर लावून आवळायचं काम नाही. कव्हरला कंपनीचं गॅसकेट, सिलिकॉन नाही. शेवटी प्लग काढून ठेवला आणि स्टार्टर थोडा थोडा मारत इंजिन नुसतं फिरवलं, ऑईलचा दिवा विझेपर्यंत. मगच प्लग लावला. कोरड्या बेअरिंगवर पहिली ठिणगी द्यायची नाही म्हणून.

सगळं मिळून 38,000 गेले. माझा वाटा मी दिला, त्यानं नको म्हणलं तरी.

आता घरात काय नियम आहेत ते सांगतो. ऑईलची काच दर रविवारी बघायची, सरळ उभी करून. सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबायचं आणि निघायचं, पण पहिले पाच-सहा किलोमीटर हळू, निम्म्या फेऱ्यांच्या वर जायचं नाही. पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑईल तापलं असं नाही, ऑईल पाण्यापेक्षा उशिरा तापतं. दहा दिवस चालवायची नसेल तर उगीच सुरू करून रेस करायची नाही, बॅटरीची वायर काढून ठेवा. ऑईल किलोमीटर झाले नाहीत तरी महिन्यांवर बदलायचं, आणि दर वेळी फिल्टरसकट. फिल्टर चोंदला की आतला बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑईल तसंच बेअरिंगला जातं. एअर फिल्टरची कड नीट बसली का बघायचं, आमच्याकडं ऊसतोड चालू झाली की रस्त्याला पांढरा फुफाटा असतो. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि पाकोळ्या अडकतात त्या धुवायच्या, पण प्रेशर पंप जवळ धरून जाळीचे पत्रे वाकवू नका, ब्लोअर धुताना आपण धरतो तसा.

आवाजाचं पण सांगतो. टॅपेट थंडपणी टिकटिक करतात आणि बऱ्याचदा तापल्यावर कमी होतात. बेअरिंगचा आवाज जड असतो, खोलातनं येतो, आणि तापल्यावर वाढतो, कारण ऑईल पातळ होतं. मध्यम फेऱ्यावर धरून थ्रॉटल हलकेच सोडला की स्पष्ट येतो. तो ऐकला की पुढं एक किलोमीटरही नाही. हळू चालवत घरी आणा असं सांगणारा बाप असला तरी नाही.

आणि एक सोपी तपासणी, ट्रॅक्टरवाल्यांनी पण करावी. काढलेलं ऑईल फेकायच्या आधी पांढऱ्या प्लास्टिकच्या टोपणात थोडं घ्यायचं आणि उन्हात बघायचं. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडायचा. चमक दिसली तर लोहचुंबक लावायचं. चुंबकाला चिकटली ती लोखंडाची, गिअरची किंवा नव्या इंजिनाची असू शकते, थोडी असतेच. चुंबकाला न चिकटणारी तांबडी किंवा रुपेरी चमक दिसली तर बेअरिंग बोलतंय. त्या वेळी पत्रे बदलले तर क्रँक वाचतो. आम्ही दोन महिने आधी टोपणात बघितलं असतं तर काही हजारांत भागलं असतं.

नवं इंजिन हजार किलोमीटर झाल्यावर परवा पोरगं सुट्टीला आलं होतं, शेडमध्ये आम्ही दोघांनीच ऑईल काढलं. बारीक लोखंडी कीस चुंबकाला लागला, दुसरं काही नाही. त्याच दुपारी ट्रॅक्टरचंही काढलं. त्याचं टोपण अजून उन्हात आहे, गाळ खाली बसला की बघतो.